आदिस अबाबाला जावे कधी?

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

भूगोलाच्या विद्यार्थ्याला घरात फारशी किंमत नसते. वाणिज्य शाखेच्या मुलाला हिशेब विचारतात, विज्ञान शाखेच्या मुलीला बिघडलेला मिक्सर दाखवतात. आम्हांला मात्र फार तर ‘आज पाऊस येईल का ग?’ एवढेच विचारतात, आणि उत्तर चुकले की हसतात. म्हणून गेल्या दिवाळीत काकांनी मला जवळ बसवून घेतले आणि म्हणाले, “आजीला एकदा आदिस अबाबाला न्यायचं ठरतंय. कोणत्या महिन्यात न्यावं, ते तू अभ्यास करून सांग,” तेव्हा मला भारीच मोठे झाल्यासारखे वाटले. तो अभ्यास, त्यात झालेली माझी चूक आणि शेवटी निघालेले उत्तर, असे या लेखाचे तीन भाग आहेत. अभ्यासापेक्षा चुकीनेच मला जास्त शिकवले, हे आधीच सांगून टाकते.

आजीचा आणि त्या दूरच्या शहराचा संबंध काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. सम्राट हैले सेलासी यांच्या कारकिर्दीत इथिओपियाच्या शाळांसाठी भारतातून हजारो शिक्षक गेले. माझे आजोबा त्यांतलेच एक. १९६६ मध्ये ते गणित शिकवायला गेले. वर्षभराने आजी गेली. माण तालुक्यातल्या एका कोरड्या गावातून निघालेली ती नवी सून थेट आफ्रिकेच्या डोंगरावर जाऊन संसार मांडती झाली. १९७४ च्या अखेरीस दोघे परत आले. आजोबा आता नाहीत. आजी आहे, आणि ‘एकदा ते गाव बघून यावं’ हे तिचे म्हणणे गेली काही वर्षे वाढतच चालले आहे.

उंचीने घडवलेले शहर

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट, नाही तर घनदाट अरण्य उभे राहते. मीही प्रथम ‘उन्हाळा टाळावा’ असेच म्हणणार होते. पण नकाशा उघडला आणि पहिला धडा मिळाला. आदिस अबाबा विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम ९ अंशांवर आहे, म्हणजे अक्षवृत्ताच्या हिशेबाने आपल्या केरळाच्या बरोबरीला. परंतु त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी ७०० मीटरचा डोंगर ठेवावा, तेव्हा कोठे आदिस अबाबाचा रस्ता लागेल! आणि शहराच्या उत्तरेचा एंटोटो डोंगर तर ३,००० मीटरच्याही वर जातो.

दर हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे आपण अकरावीत घोकलेले असते. समुद्रकाठी ३० अंश असतील तर या उंचीवर १५-१६ अंश होतात. आदिस अबाबाचे वार्षिक सरासरी तापमान साधारण तेवढेच, १६-१७ अंशांच्या आसपास आहे. घोकलेले वाक्य असे खरे झालेले पाहून मला जो आनंद झाला, तो परीक्षेतल्या गुणांनी कधी झाला नव्हता.

इथिओपियातील लोक उंचीवरूनच आपल्या प्रदेशाचे भाग पाडतात. सखल, उष्ण तो ‘कोल्ला’. मधला, सुखद तो ‘वोयना देगा’. आणि उंच, थंड तो ‘देगा’. आदिस अबाबा साधारणपणे या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या सीमेवर वसले आहे.

या शहराचा जन्मही हवेच्याच निवडीतून झाला. शोआचा राजा मेनेलिक याची राजधानी आधी एंटोटोच्या माथ्यावर होती. लढाईच्या दृष्टीने जागा चांगली, पण थंडी आणि वारा असह्य. पायथ्याशी गरम पाण्याचे झरे होते. राणी ताइतू हिला ती ऊबदार जागा आवडली. १८८६ मध्ये तेथे तिच्यासाठी घर उभे राहिले आणि हळूहळू सगळा दरबारच खाली उतरला. ‘आदिस अबाबा’ म्हणजे अम्हारिक भाषेत ‘नवे फूल’. हे नावही राणीनेच दिले. ओरोमो लोक याच जागेला ‘फिनफिने’ म्हणतात. तेव्हा आदिस अबाबाला कोणत्या हवेत राहावे, हा प्रश्न काही आमच्या काकांनी प्रथम विचारलेला नाही!

तेथील ऋतू

आता मुख्य मुद्दा. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे सर्वांत उबदार आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरी तापमानात तीन-चार अंशांचाच फरक पडतो. उलट डिसेंबरातल्या एकाच दिवशी दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांचा फरक पडू शकतो. आपल्याकडे वर्षाचा हिवाळा असतो. तेथे रोज रात्री हिवाळा येतो आणि सकाळी निघून जातो. मग ऋतू ठरवतो कोण? पाऊस. तेथील परंपरेने वर्षाचे तीन भाग मानले जातात.

पहिला ‘किरेम्त’, जून ते सप्टेंबर. हा मोठा पावसाळा. सूर्य उत्तरेकडे सरकतो, त्याच्यामागोमाग पावसाचा पट्टाही उत्तरेला जातो आणि नैर्ऋत्येकडून दमट वारे डोंगरावर चढतात. वर्षाकाठी सुमारे १,१०० ते १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याच्या आसपास एकट्या जुलै-ऑगस्टात. सकाळ पुष्कळदा उघडी असते. दुपारनंतर ढग जमतात, गडगडाट होतो, गारा पडतात. ऊन नसल्यामुळे दुपारचे तापमान २०-२१ अंशांच्या वर सहसा जात नाही. म्हणजे जुलै-ऑगस्ट हे तेथले दिवसा सर्वांत गार महिने!

दुसरा ‘बेगा’, ऑक्टोबर ते जानेवारी. हा कोरडा ऋतू. आकाश निळे, ऊन स्वच्छ, दुपारी २२-२३ अंश. मात्र आकाश निरभ्र म्हणून रात्री जमिनीची ऊब उडून जाते. नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे पारा ७-८ अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. घरे तापवण्याची सोय सर्वत्र नसते. लोक ‘गाबी’ नावाचे जाड सुती पांघरूण अंगाभोवती गुंडाळून घेतात. आजीच्या ट्रंकेत तसे एक गाबी अजून आहे. आमच्याकडे ते ‘आफ्रिकेची गोधडी’ या नावाने ओळखले जाते.

तिसरा ‘बेल्ग’, फेब्रुवारी ते मे. या काळात हिंदी महासागराकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे मधूनमधून हलका पाऊस पडतो. मार्च ते मे हे महिने सर्वांत उबदार, तरी दुपारी २४-२५ अंशच. आपल्या मे महिन्याला विटलेल्या माणसाला हा उन्हाळा म्हणजे थट्टाच वाटेल.

माझे पहिले उत्तर

एवढी माहिती जमल्यावर मी वहीत रकाने आखले. कमी पाऊस, चांगले ऊन, चिखल नाही, डोंगर स्पष्ट दिसणार. उत्तर सरळ होते : नोव्हेंबर किंवा डिसेंबर. काकांना डिसेंबरात रजाही मिळणार होती. जेवणाचीही सोय जुळत होती. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ७ जानेवारीच्या नाताळाआधी सुमारे सहा आठवडे उपास पाळतात. उपासात मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे त्या दिवसांत खाणावळीत मसुराचे, वाटाण्याचे, पालेभाज्यांचे पदार्थ सहज मिळतात. आजी शाकाहारी. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली ‘इंजेरा’ म्हणजे आपल्या आंबोळीची मोठी बहीण. तीवर ‘शिरो’ म्हणजे डाळीच्या पिठाचे कालवण, अगदी आपल्या पिठल्याच्या जातीचे.

मी वही घेऊन आजीपुढे बसले आणि सगळे ऐटीत वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “डिसेंबरात तिथं सगळं वाळलेलं असतं. वाळलेलं गाव बघायला मी एवढ्या लांब जाऊ होय? ते मला घरबसल्या दिसतंय की.”

मी गप्प झाले. मग तिने मला तिचा हिशेब सांगितला.

दोन दुष्काळ

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. माण तालुका मुळातच पर्जन्यछायेतला. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. त्या वर्षी आजीची आई आणि दोन्ही भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन दिवस काढत. त्यांची पत्रे महिन्या-दीड महिन्याने आदिस अबाबाला पोचत. आजी पत्र वाचायची तेव्हा तिच्या घराच्या पत्र्यावर किरेम्तचा पाऊस वाजत असायचा. “पत्र्यावर गारा पडायच्या, आणि माझ्या हातात पत्र : विहीर आटली. मला त्या पावसाचा राग यायचा ग. आणि पाऊस थांबला की भीती वाटायची.”

हे ऐकल्यावर मी पुन्हा पुस्तकांकडे वळले आणि जे सापडले त्याने माझा अभ्यासाचा कागद बदलला. ज्या काळात आपला पाऊस रुसला, त्याच काळात, १९७२-७३ मध्ये, इथिओपियाच्या उत्तरेकडील वोल्लो प्रांतातही पाऊस बुडाला. तेथे हजारो माणसे भुकेने मेली. सरकारने ती गोष्ट दडपून ठेवली. राजधानीत पाऊस पडत होता, पण काही शे किलोमीटरांवर शेते करपत होती. पुढे ते उघडकीस आले, असंतोष पेटला आणि १२ सप्टेंबर १९७४ रोजी, तेथील नववर्षाच्या दुसऱ्याच दिवशी, सम्राटाला पदच्युत करण्यात आले. आजोबा-आजी परतले ते त्यानंतर काही महिन्यांनी.

दोन्हीकडचा पाऊस एकाच वर्षी रुसावा, हा निव्वळ योगायोग नव्हता. आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि त्यांचा किरेम्त हे एकाच महिन्यांतले. पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते, त्या ‘एल निनो’च्या वर्षी दोन्ही ठिकाणी पाऊस कमी पडण्याचा संभव वाढतो. नेहमीच तसे घडते असे नाही. पण १९७२ हे असे वर्ष होते, आणि २०१५ हेही. २०१५ मध्ये मराठवाड्यात टँकर फिरत होते तेव्हा इथिओपियातही मोठा दुष्काळ होता. माण आणि वोल्लो यांची नावे मी एका ओळीत प्रथमच लिहिली, आणि आजीला ‘पावसाचा राग’ का यायचा ते मला कळले. प्रवाशाला जो ऋतू गैरसोयीचा, त्यावरच शेतकऱ्याचे वर्ष उभे असते. माझ्या वहीत पाऊस ‘तोटे’ या रकान्यात होता.

पाऊस सरतानाचे दिवस

मग आजीला जायचे होते कधी? “पाऊस सरता सरता,” ती म्हणाली. “डोंगर पिवळा होतो तेव्हा.”

हेही पुस्तकात सापडले. सप्टेंबरात किरेम्त ओसरू लागला की रानोमाळ ‘अदेय अबेबा’ नावाची पिवळी फुले उमलतात. त्याच सुमारास, ११ सप्टेंबरला (लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ ला), इथिओपियाचे नवे वर्ष ‘एन्कुतताश’ सुरू होते. त्यांचे पंचांग निराळे आहे. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा चिमुकला महिना. वर्षाचा आकडा आपल्यापेक्षा सात-आठने मागे. घड्याळही निराळे : सकाळी सात वाजले की ते म्हणतात एक वाजला, कारण दिवस सूर्योदयापासून मोजायचा. आपल्या जुन्या घटका-प्रहरांची आठवण व्हावी असा हा हिशेब. नववर्षाला मुली पिवळ्या फुलांचे गुच्छ घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. आजीला आपला भोंडला आठवायचा.

पुढे २७ सप्टेंबरला (लीप वर्षाच्या आदल्या वर्षी २८ ला) ‘मेस्केल’, म्हणजे क्रुसाचा सण. आदल्या संध्याकाळी शहरातील मेस्केल चौकात मोठी होळी पेटवतात. तिच्या शेंड्यालाही पिवळी फुले बांधलेली असतात. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी ओरोमो लोकांचा ‘इरेचा’ येतो. पावसाळा सुखरूप पार पडला म्हणून पाण्याकाठी जाऊन हिरवे गवत आणि फुले वाहायची, देवाचे आभार मानायचे, असा हा सण. ज्या बाईने पावसाची वाट पाहत बालपण काढले, तिला हे दिवस का पाहायचे आहेत, हे मी काकांना समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

प्रकृतीचा विचार

मात्र ऋतू ठरवताना जाणाऱ्याचे वय सोडून चालत नाही. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. पहिले दोन-तीन दिवस चढ चढू नयेत, भरपूर पाणी प्यावे. कमी दाबामुळे पाणीही ९२ अंशांच्या आसपास उकळते. “तुरीची डाळ शिजता शिजत नसे,” असे आजी सांगते, तिला त्याचे कारण मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे माझं काही चुकत नव्हतं तर!” पन्नास वर्षांनी एका गृहिणीला न्याय मिळवून देण्याचे श्रेय भूगोलाला आहे.

हिवतापाचा धोका एवढ्या उंचीवरच्या शहरात नसतो. पण सखल भागात पावसाळ्यानंतर, सप्टेंबर ते डिसेंबर, तो वाढतो. तेव्हा जो काळ डोंगरावर उत्तम, तोच खोऱ्यात जपण्याचा. आम्ही शहराबाहेर सखल भागात जाणार नाही, हे ठरले. आणखी एक गोष्ट : इथिओपियाहून भारतात परतणाऱ्याला पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो आणि ती लस किमान दहा दिवस आधी टोचावी लागते. साठी ओलांडलेल्यांना ही लस देताना डॉक्टर विशेष विचार करतात. आजीच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटले, तेव्हाच आम्ही तिकिटांची भाषा सुरू केली.

निष्कर्ष

आता उत्तर. कोणी मित्र केवळ शहर पाहायला जाणार असेल, तर मी त्याला ऑक्टोबर ते डिसेंबर हेच सांगेन. तिम्केत हा पाण्याचा सण पाहायचा असेल तर १९ जानेवारी गाठावी. फेब्रुवारीत आफ्रिकी संघाची शिखर परिषद भरते, तेव्हा हॉटेले महाग आणि रस्ते अडलेले. ते दिवस टाळावेत. जुलै-ऑगस्टात जावे ते पाऊस आवडणाऱ्यानेच. उत्तम ऋतू एकच नसतो. कोण जातो आणि कशासाठी जातो, हे विचारल्यावाचून तापमानाचा तक्ता मुकाच राहतो. आमचे सर वर्गात सांगतात की नकाशात माणसे शोधा. ते वाक्य मी दोन वर्षे वहीत लिहून घेतले होते. त्याचा अर्थ मला आजीने सांगितला.

आम्ही जाणार आहोत या वर्षी २४ सप्टेंबरला. मुंबईहून थेट विमान आहे. पाऊस पूर्ण थांबलेला नसेल, म्हणून छत्री आणि घट्ट बूट. रात्री गार, म्हणून लोकर. पियासा भागात, जेथे आजी-आजोबांची खोली होती, तेथला जुन्या वस्तीचा पुष्कळ भाग २०२४ मध्ये रस्ते रुंद करण्यासाठी पाडला गेला आहे. हे मी आजीपासून लपवणार होते. पण तिने ते टीव्हीवर आधीच पाहिले होते. “खोली नसली तर नसू दे,” ती म्हणाली, “डोंगर कुठं जातोय?”

परवा ती ट्रंक उघडून बसली होती. गाबी बाहेर काढून उन्हात टाकले आहे.